गवराबाईंनी गाडी मागवली नाही

निघोजे, ता. खेड
१६ जानेवारी २०२५

चि. आदिनाथ यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी छाती जळत होती ती आता कशी आहे? कॅन्टीनचं तिखट बंद कर म्हटलं होतं, केलंस का? पुनमची कंबर धरली होती, ती सुटली का? तिला म्हणावं, लादी वाकून पुसू नकोस, धूळ कुठं पळून जात नाही. अनुयाला चष्मा लागला म्हणे. लागू दे, लाल काडीचा घ्या, पोर गोड दिसेल. गॅलरीतल्या तुळशीनं मान टाकली होती, तिचीही तब्येत कळव. इकडं मी खडखडीत. तुझ्या दुर्गाआत्याचा गुडघा कुरकुरतो, पण चालायचं तेव्हा चालतो.

पत्र बघून हसशील. हस. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू "आई, ऐक तर" म्हणतोस आणि पुढं तूच बोलत राहतोस. कागदाला मधे तोडता येत नाही. किराण्याच्या पुड्यांवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून मी आपली आपण अक्षरं लावायला शिकले, त्याचा काही उपयोग नको का व्हायला?

तर मुद्द्याचं. तुझ्या कंपनीनं तुला बक्षीस म्हणून बोटीची दोन तिकिटं दिली, मुंबईहून गोव्याला, आणि वर पणजीच्या हॉटेलात तीन दिवस राहणं. तुला सुट्टी नाही, पुनमला नदीचा पूल ओलांडतानासुद्धा गरगरतं. मी म्हटलं, मी जाते, वन्संना घेऊन. तू हो म्हणालास. मी शेजारणींना सांगूनही टाकलं. आणि संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तू सुरू केलंस, की बोटीतून उतरल्यावर हॉटेलात कशा जाणार, बॅगा कोण उचलणार, मी हॉटेलचीच गाडी सांगून ठेवतो. त्या गाडीचं भाडं ऐकून माझा घास घशात अडकला. अरे, तेवढ्यात आमच्या आळीतल्या सगळ्या बाया जेजुरीला जाऊन, जेवून परत येतील! ते बक्षिसात धरलेलं नाही, तुझ्या खिशातून जाणार.

मी नको म्हटलं, तेव्हा तुझ्या पोटातलं ओठावर आलं. "बंदरातून हॉटेलात जाता येईना तुला, आणि निघोज्यात एकटी राहायच्या गोष्टी करतेस! पाडव्याला सामान बांध आणि माणला आमच्याकडे चल."

पुनमनं खाली मान घातली. मी काही बोलले नाही, कारण सणाचा दिवस होता. आता सण झाला.

तर ऐक. आपण पैज लावू. तू आम्हाला मुंबईला बोटीवर बसव. गोव्याच्या बंदरातून पणजीच्या हॉटेलापर्यंत मी आणि वन्सं आमच्या बॅगा घेऊन आमच्या आम्ही जाऊ, रास्त भाड्यात. गेलो, तर माणला राहायला येण्याचा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. माझं घर, माझी चूल, माझी चावी. नाही जमलं, तर पाडव्याला मी पेटी भरते आणि तुझ्या आठव्या मजल्यावर येऊन बसते. तोंडातून ब्र काढणार नाही.

कबूल असेल तर कागदावर लिही. फोन करू नकोस.

तुझी,
आई

*

माण
२१ जानेवारी २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पुनमनं मोठ्यानं वाचलं. अनुया हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. शाळा सुटल्यापासून मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे. माझी छाती बरी आहे. पुनम ठीक. चष्मा लालच घेतला. तुळस गेली.

आई, तू समजतेस तसं ते सोपं नाही. मी सगळी चौकशी केली आहे. बंदराच्या आत कुणाला पायी फिरू देत नाहीत. त्यांची बस फाटकापर्यंत सोडते. फाटकाबाहेर टॅक्सीवाले असतात, ते म्हणतील ते भाडं. मोबाइलवरून गाडी बोलवावी तर ती तिथे येईलच असं नाही. एसटीसारख्या बसगाड्या आहेत, पण स्टँडपर्यंत बॅगा ओढत जावं लागतं, आणि आत्याचा गुडघा तुला माहीत आहे. पणजी काही बंदराला लागून नाही, मधे मोठी खाडी आहे. मी तुला खिजवायला बोलत नाही. मला रात्री झोप येत नाही म्हणून बोलतो.

पण तू ऐकणारी नाहीस, हेही मला ठाऊक आहे. म्हणून पैज कबूल. माझ्या अटी अशा: मला फोन करून मदत मागायची नाही. हॉटेलला फोन करून गाडी मागवायची नाही. आत्याला काही झालं, तर मात्र पैज वगैरे काही नाही, ताबडतोब फोन करायचा. तू हरलीस तर पाडवा माणला. जिंकलीस तर मी तो विषय काढणार नाही.

स्वेटर घे. बोटीवर वारं असतं.

तुझा,
आदिनाथ

*

पणजी
३ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

आधी हे ऐक: आम्ही हॉटेलात आहोत. मी, वन्सं, दोन्ही बॅगा, आणि वन्संच्या डोक्याला लावायच्या तेलाची बाटली. ती फुटली नाही, याचं वन्संना जिंकण्यापेक्षा जास्त कौतुक आहे.

हा हॉटेलचाच कागद आहे, फुकट असतो. खिडकीतून नारळ दिसतो. सगळं क्रमानं सांगते.

बोट म्हणजे काय रे ती! आपली आख्खी आळी मावेल आणि वर लग्नाचा मांडव पडेल. आदल्या संध्याकाळी एक मुलगी आली आणि म्हणाली, "आज्जी, रात्री बॅगा खोलीच्या बाहेर ठेवा, आम्ही उतरवून ठेवतो." वन्संनी माझ्याकडं बघितलं, मी वन्संकडं. ती गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, दाराबाहेर सामान ठिवून कोन झोपतं गं?" मी म्हटलं, "कोनीच न्हाई." आम्ही कडी लावली, बॅगा पलंगाला ओढणीनं बांधल्या आणि झोपलो. सकाळी कळलं की सगळ्या बोटीनं बॅगा बाहेर ठेवल्या होत्या, ठेवल्या नाहीत त्या फक्त दोन म्हाताऱ्यांनी. आता त्या आमच्या आम्हालाच खाली न्याव्या लागल्या. जिन्यानं वन्सं पुढं, मी मागं, बॅग मधे. एक पोरगा धावत आला उचलायला, वन्संनी त्याच्या हातावर चापट मारली.

पण झालं असं, की बाकीची मंडळी आपापल्या बॅगा शोधत हॉलमधे थांबली आणि आम्ही पहिल्या बसनं फाटकाबाहेर आलो.

आणि फाटकाबाहेर, आदिनाथ, काय दिसलं सांगू? पांढरा पुठ्ठा धरून एक माणूस उभा. पुठ्ठ्यावर माझं नाव, आडनावासकट. मागं निळी गाडी, दार उघडं.

मला वाचता येत नसतं तर मी सरळ पुढं गेले असते. येतं, म्हणून पायच उचलेना. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, नाव तुमचंच हाय की!" मी म्हटलं, "नाव माझं हाय, गाडी माझी न्हाई."

तो माणूस पुढं आला. भला होता बिचारा. "गवराबाई तुम्हीच ना? तुमच्या मुलानं पाठवलंय. पैसे दिलेत." मी म्हटलं, "गवराबाईंनी गाडी मागवली नाही. ज्यानं मागवली, त्याला बसवा." त्यानं तुला फोन लावून माझ्यापुढं धरला. तू "आई, आई" करत होतास ते ऐकू येत होतं. मी हात मागं घेतले. पैजेत फोन नव्हता.

मग टॅक्सीवाले. एक टोपीवाला म्हणाला, "पणजी? पूर्ण गाडीचं भाडं. माणशी नाही." मी विचारलं, "गाडीत माणसं किती बसतात?" म्हणाला, "सहा." म्हटलं, "मग सहा बसवू, भाडं तुझं पूर्ण." तो हसला. "आज्जी, इथं तसं नसतं. एक पार्टी, एक गाडी. लोक अनोळखी माणसाबरोबर बसत नाहीत." वरून दुसऱ्याला डोळा मारला, "ही आज्जी खंडाळ्याचा घाट चढून आलीय बहुतेक." मी म्हटलं, "चाकण चौकातून आलेय रे बाबा. तिथं सहाच्या गाडीत नऊ बसतात आणि लग्नं जुळतात."

त्या हशानं काम झालं. तो म्हणाला, "बघा, मिळाली माणसं तर. मी दहा मिनिटं थांबतो."

पुढच्या बसमधून लोक उतरू लागले आणि मी पदर खोचला. "पणजी! पणजी! चार सीट! चला, पणजी चार सीट!" वन्संना इतकी लाज वाटली की त्या बॅगेमागं तोंड लपवून बसल्या. लोक बघून पुढं जायचे. एका बाईनं तर मला दलाल समजून नाक मुरडलं. मग नाशिककडचं एक नवं जोडपं थांबलं. पोरीच्या हातात हिरवा चुडा, आणि नवरा टॅक्सीचं भाडं ऐकून घामाघूम. "आजी, खरंच चार जागा आहेत?" दोघं आले. मग सोलापूरचे एक रिटायर पोस्टमास्तर आणि त्यांची बायको. मास्तर म्हणाले, "तुमच्या आवाजावरून वाटलं, गाडी तुमचीच आहे." मी म्हटलं, "आता आहे."

बॅगा मागं मावेनात. माझ्या बॅगेत जुनं लुगडं होतं, ते वर टपावर आडवं-उभं फिरवून आवळलं. कांद्याच्या टेम्पोवर पोती बांधण्यात माझा जन्म गेला. तरी पहिल्या वळणाला मास्तरांची बॅग सुटून लटकू लागली. टोपीवाल्यानं गाडी थांबवली, म्हणाला, "आज्जी, गाठ?" मी म्हटलं, "गाठ बरोबर होती, टप गुळगुळीत आहे." खाली उतरून पुन्हा बांधली. हे मी लपवत नाही. खाडीचा पूल लागला तेव्हा नवी नवरी गाणं म्हणत होती, आणि मास्तरांची बायको वन्संना गुडघ्याचं मलम सांगत होती.

आता शेवटचं, आणि तेच खरं. आपलं हॉटेल चढाच्या गल्लीत. गाडी तिथं वळत नाही. टोपीवाल्यानं कोपऱ्यावर उतरवलं, हिशेब सहांत वाटला, मला "आज्जी, चाकणला आलो तर जेवायला घाला" म्हणाला आणि गेला. चढ अर्धा झाला आणि वन्संचा गुडघा बसला. त्या बॅगेवरच टेकल्या. तोंड पांढरं. आणि तेवढ्यात मागून कोण आलं? तीच निळी गाडी! लहान होती, गल्लीत शिरली. पुठ्ठेवाला काच खाली करून म्हणाला, "तुमच्या मुलानं मागं मागं राहायला सांगितलंय. बसा ना आता. कोण बघतंय?"

मी तुला खरं सांगते, मी वन्संना म्हटलं, "बसा. तुमच्या पायापुढं पैज काय मोठी." मी हरायला तयार झाले होते. वन्संनीच मान हलवली. त्या माणसाला म्हणाल्या, "भाऊ, दोन मिंटं थांब. पिंपळे गुरवला लेकाकडं सातव्या मजल्यावर मी रोज बसूनच असते. आज चालूदे मला." बसल्या बसल्या घोटभर पाणी प्यायल्या, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठल्या. तो माणूस गाडीतून उतरला, आणि रिकाम्या हातानं आमच्याबरोबर वरपर्यंत चालत आला. बॅगेला हात लावू का म्हणून विचारलंही नाही त्यानं. शहाणा होता.

तेव्हा पैज मी जिंकले. तू मात्र शब्द मोडलास. घरी आले की बोलू. नाही, बोलू नको. लिही.

तुझी,
आई

*

माण
८ फेब्रुवारी २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघी सुखरूप पोचलात, हे त्या ड्रायव्हरनं मला तुझ्या पत्राआधीच सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या आईपुढे मी काय बोलणार?" मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. हसलो की रडलो, मला माहीत नाही.

गाडीबद्दल रागावू नकोस. मी शब्द मोडला असं मला वाटत नाही. गाडी उभी होती, बसायचं की नाही ते तुझ्या हातात होतं. दिवाळीत तू न्हाणीघरात पडलीस, हे तू मला सांगितलंस का? वरच्या खोलीत भाड्यानं राहतो त्या ज्ञानेशनं सांगितलं, तेही पंधरा दिवसांनी. तो त्या दिवशी सेकंड शिफ्टला गेला असता, तर तुला कुणी उचललं असतं? हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग मी फाटकावर गाडी ठेवणार नाही, तर काय करणार?

बरं, तू जिंकलीस. मी मानतो. पाडव्याचं बघू पुढं.

येत्या नाही, पुढच्या रविवारी बन्सी नावाचा एक माणूस घराकडे येईल. रंगकामासाठी मापं घ्यायला सांगितलंय. त्याला सगळ्या खोल्या दाखव. चहा दे.

आत्या अजून तुझ्याकडेच आहे, असं पुनम म्हणते. तिचा गुडघा सांभाळा.

तुझा,
आदिनाथ

*

निघोजे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास आशीर्वाद.

तुमची सगळ्यांची तब्येत आज मी विचारत नाही. चांगलीच असणार. ज्याच्या पोटात एवढं राहतं, त्याची छाती का जळणार नाही, ते मला आता कळलं.

काल बन्सी आला. टेप काढली आणि भिंती मोजू लागला. मी म्हटलं, "रंग कुठला देणार?" तो म्हणाला, "रंग कसला, मावशी? मी खाटा मोजतोय."

"कुणाच्या खाटा?"

"कंत्राटी पोरांच्या. आमच्या शेठला पोरं ठेवायला घर पाहिजे, कंपनीजवळ. खालच्या खोलीत आठ तरी बसतील, एकावर एक, माळ्याच्या घातल्या तर जास्त. साहेबांनी शब्द दिलाय ना, पाडव्याला घर मोकळं म्हणून."

मी विचारलं, "कधी दिला?"

"संक्रांतीच्या आधी."

संक्रांतीच्या आधी, आदिनाथ. म्हणजे तिळगूळ माझ्या हातावर ठेवलास तेव्हा माझं घर तू आधीच दुसऱ्याच्या हातावर ठेवलं होतंस. पैज कबूल केलीस तेव्हाही. आणि मी जिंकल्यावर "पाडव्याचं बघू पुढं" लिहिलंस, तेव्हाही. मी गोव्याच्या चढावर घाम गाळत होते ती कसली पैज होती रे? निकाल तू लावूनच बसला होतास.

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. चहा ठेवला, तू सांगितला होतास ना. बन्सीनं बशीत ओतून फुंकला तेवढ्यात वन्सं आतून आल्या, भिंतीला हात धरत. म्हणाल्या, "काय रे बाळा, खाटा मोजतोयस व्हय? मग त्यातली एक माझी धर. खिडकीपाशी." त्याला वाटलं थट्टा. मी म्हटलं, "थट्टा न्हाई. या घरात दोन खाटा हायत, त्यांवर दोन बाया निजतात, आनि त्या पाडव्याला न्हाई, दसऱ्यालाबी हलणार न्हाईत. तुमच्या शेठला सांगा, ज्यानं शब्द दिला त्याचं घर बघा जाऊन. माणला आठव्या मजल्यावर हाय. हवा चांगली येते."

तो टेप गुंडाळून उभा राहिला. म्हणाला, "मावशी, मला वाटलं तुमचं ठरलंय." बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

आता तुझ्या पत्राचं उत्तर देते, कारण त्यात एक गोष्ट खरी होती. मी पडले होते. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी पेटी भरायला आला असतास. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भीती वाटते म्हणून माणसाला उचलून दुसरीकडं ठेवायचं, हे सामानाला चालतं. मला नाही. मी सामान असते, तर त्या रात्री बोटीच्या खोलीबाहेर बाकीच्यांच्या बॅगांसारखी मुकाट उभी राहिले असते.

ज्ञानेशनं न्हाणीघरात दोन लोखंडी कड्या भिंतीत ठोकून दिल्या आहेत. मी आणि वन्सं दोघींनी लोंबकळून बघितलं. हलत नाहीत. खाली फरशीवर खडबडीत पट्ट्या चिकटवल्यात. वन्सं पिंपळे गुरवला परत जाणार नाहीत. त्यांची सून रुपाली परवा पेटी घेऊन आली, भांडायला नाही. तिनं सांगितलं, "आत्याबाई, तुम्ही इथं हसताय, तिकडं नुसत्या टीव्हीकडं बघत असायचात." लिफ्ट बंद पडली की वन्सं आठवडा आठवडा खाली उतरत नव्हत्या, हे मला माहीतच नव्हतं. इथं त्या सकाळी पिंपळापर्यंत जातात. काल त्याच्याही पुढं गेल्या आणि भाजीवालीशी भांडून आल्या.

तेव्हा रात्री एकीला काही झालं तर दुसरी आहे. दोघींना एकदम झालं तर ज्ञानेश आहे. तिघांना झालं तर तू आहेसच, तुला निळी गाडी पाठवता येते. एका म्हातारीला घरातून काढायला निघाला होतास, आता दोघी झाल्या. पुढं बोललास तर तिसरी बोलवेन. सोलापूरच्या पोस्टमास्तरांची बायको वाट बघतेय.

माझ्यावर प्रेम करू नको, असं मी म्हणत नाही. कर, पण मला विचारून कर. रविवारी तिघं जेवायला या. अनुयाला लाल चष्म्यात बघायचंय मला. पुनमला म्हणावं, काही आणू नकोस, कंबर सांभाळ. तूही ये. पाहुणा म्हणून ये, घराचा मालक म्हणून नको. मालकीण मी आहे आणि मी अजून आहे.

आणि उत्तर लवकर पाठव. घर मोकळं होणार नाही, एवढी एकच ओळ लिहिलीस तरी चालेल. पण ती आधी त्या शेठला तोंडानं सांग, आणि मग कागदावर लिही.

तुझी,
आई